बारा पिनांची गाडी

नागोरावांची पांढरी गाडी तिसऱ्यांदा ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली गेली, तेव्हा राजदीप एका जीपचा सेल्फ खोलून बसला होता. त्यानं पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले, पण बोनट उघडायला तो उठला नाही. आधीच्या दोन्ही वेळी त्यानं बोनट उघडलं होतं, काहीतरी बदललं होतं आणि "आता नाई बंद पडत जी" असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

मागच्या सीटवर इंदूबाई आडव्या होत्या. शुक्रवार होता, म्हणजे यवतमाळहून डायलिसिस करून परतताना गाडी बसली होती.

"कुठी पडली, काका?"

"दारव्हा सोडलं अन् पाच-सात किलोमीटरवर," नागोराव म्हणाले. "अर्धा घंटा थांबलो, मंग चालू झाली. दोन किलोमीटर चालली अन् पुन्हा गप बसली. हिच्या पायात गोळे येऊन राह्यलते. म्हटलं, आता थांबनं नाई, ओढतच नेऊ."

नागोरावांनी एकतीस वर्षं दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटरचं काम केलं होतं. दोन हजार चार साली ती जिनिंग बंद पडली. कापूस यायचा, पण आधीसारखा नाही. ज्याला भाव नाही त्या मालावर मशिनी किती दिवस फिरवायच्या, असं म्हणत शेठ नागपूरला निघून गेले. जाताना त्यांनी ही गाडी नागोरावांना देऊन टाकली. "तुम्हीच हिची निगा कराल," एवढंच म्हणाले. तोवर गाडी बनवणाऱ्या कंपनीनंही इथला कारखाना गुंडाळला होता. शोरूम नाही, कंपनीचा मिस्त्री नाही. पण गाडी लांब होती, सीट मऊ होती, आणि पुढं वर्षभरानं इंदूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्या सीटचं मोल नागोरावांना कळलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळ. जाताना बाई बसून जायच्या, येताना आडव्या होऊन यायच्या. यष्टीच्या बाकावर ते जमलं नसतं.

राजदीपचं दुकान दारव्हा रोडवर होतं. यवतमाळच्या आयटीआयमधून तो वायरिंगचं काम शिकून आला होता आणि गेली बारा वर्षं ट्रॅक्टर, जीप, ट्रक, कोणाचा डायनामो तर कोणाचा हॉर्न, असं सगळं त्याच्या हाताखालून जात होतं. हाताला यश होतं. म्हणूनच ही गाडी त्याला आतून कुरतडत होती. पहिल्यांदा त्यानं प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. दुसऱ्यांदा पेट्रोलचा पंप बदलला आणि वरून कॉइलही. गाडी गरम झाली की बंद पडायची, थंड झाली की काही झालंच नाही अशी चालू व्हायची. दुकानात आणली की तासभर उभ्या उभ्या चालायची.

"काका," तो आज म्हणाला, "हिची बिमारी मले समजून नाई राह्यली."

मिस्त्रीच्या तोंडून हे वाक्य निघायला काय लागतं, हे नागोरावांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः ते एकतीस वर्षांत दोन-तीनदाच उच्चारलं असेल.

"मंग ज्याले समजते तो मानूस पाहू," ते म्हणाले.

"मानूस नाई, मशीन पाह्यजे," राजदीप म्हणाला, आणि त्यानं त्यांना डॅशबोर्डच्या खाली वाकायला लावलं. डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागेच्या वर एक काळा प्लग लोंबकळत होता. त्याला बारा भोकं होती. या गाडीला एक छोटा कॉम्प्युटर आहे, तो इंजिनवर नजर ठेवतो, काही बिघडलं की त्या बिघाडाचा एक आकडा आपल्याजवळ लिहून ठेवतो. या प्लगला बरोबर मशीन जोडलं तर तो आकडा बाहेर वाचता येतो. दोन पिना तारेनं जोडल्या की समोरचा दिवा लुकलुकून आकडा सांगतो, असंही त्यानं ऐकलं होतं. पण कोणत्या दोन, ते नक्की माहीत नव्हतं. चुकीची पिन जोडली गेली आणि कॉम्प्युटरच जळाला, तर दुसरा कुठून आणायचा? आणि तो दिवा तर आधीच कुणीतरी काढून फेकला होता.

"म्हंजे हिले ठाऊक हाय आपल्याले काय होते ते," मागून इंदूबाईंचा आवाज आला. "सांगून नाई राह्यली फक्त."

"हो जी, काकू."

"मंग माह्यापेक्षा बरी हाय. मले डाक्टरनं चार साल विचारलं, मले काई सांगताच नाई आलं."

शनिवारी राजदीप गाडी हळूहळू, थांबत थांबत यवतमाळला घेऊन गेला. तिथं एका नव्या गॅरेजात स्कॅनर होता, चांगला रंगीत पडद्याचा. गॅरेजवाल्यानं वाकून प्लग पाहिला आणि उठून उभा राहिला. "ह्याला सोळा पिना आहेत," आपल्या हातातली वायर दाखवत तो म्हणाला. "तुमच्या बारा. ही जुनी पद्धत आहे. अमरावतीला एकाजवळ जोड आहे म्हणतात."

सोमवारी तो अमरावतीला गेला, या वेळी बसनं, कारण गाडी तेवढी चालण्याची खात्री नव्हती. तिथल्या माणसानं बारा पिनांची जोडवायर काढून दाखवली तेव्हा राजदीपला हायसं वाटलं. पण गाडीचं नाव ऐकताच त्यानं ती परत डब्यात टाकली. वायर बसेल, म्हणाला, पण मशीनला त्या कॉम्प्युटरची भाषा येत नाही. त्यानं दोन वर्षांपूर्वी असलीच एक गाडी जोडून पाहिली होती. अर्धा तास पडद्यावर 'संपर्क होत नाही' एवढंच येत राहिलं होतं.

मंगळवारी नागोरावांनी ओळखीच्या एकाची जीप सांगितली. संध्याकाळी राजदीप विचारपूस करायला घरी गेला, तर इंदूबाई खाटेवर कुशीला वळून पडल्या होत्या आणि नागोराव त्यांच्या पिंडऱ्या चोळत होते. येताना दोनदा उलटी झाली, ते म्हणाले. जीपवाल्याची काही चूक नव्हती. जीप ती जीपच.

इंदूबाईंच्या डाव्या मनगटावर डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती, डायलिसिसची सुई टोचायला. ती शीर सारखी थरथरायची. नागोराव पाय चोळता चोळता मध्येच तिच्यावर बोट ठेवत. त्यांची ती रोजची सवय होती. जिनमध्ये असताना मशीनच्या बेअरिंगवर जसा हात ठेवायचे, तसाच.

"चालू हाय," ते म्हणाले.

"मले दिसते ना चालू हाय," इंदूबाई म्हणाल्या. "त्या पोराले चहा द्या."

राजदीप चहा पिऊन निघाला. बुधवारी सकाळी त्यानं दुकान उघडलंच नाही, पुसदची बस धरली. पुसदला हरिसिंग राठोडचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. बल्ब, रिले, फ्यूज, सगळं राजदीप तिथूनच न्यायचा. हरिसिंग वीस वर्षं गल्ल्यावर बसून होता आणि कोण कोणत्या गाडीचं काय विकत घेतो हे त्याच्या डोक्यात राहायचं.

"ह्या गाडीचं सामान मागायला एक जन यायचा," हरिसिंग डोळे बारीक करून म्हणाला. "उमरखेडचा. रोशन नाव. नागपूरले त्याच कंपनीच्या वर्कशॉपात होता तो. वर्कशॉप बंद झालं तं घरी आला. त्याच्यापाशी एक डबा होता, त्यात कॅसेटा टाकाव लागत, पोरं खेळतात ना टीव्हीवर, तशा. ह्या काउंटरवर ठेवून दाखवला होता मले."

"आता कुठी हाय तो?"

"लय दिवस आला नाई. बसस्टँडच्या मांगं राहते म्हणे. पाह्य विचारून."

उमरखेडला पोचायला दुपार झाली. बसस्टँडमागच्या वस्तीत दोन ठिकाणी विचारल्यावर एका बाईनं निळ्या दाराचं घर दाखवलं. ओसरीत शिलाई मशीन चालू होतं. मशीनवर तिशीच्या आतली एक बाई, आणि भिंतीला टेकून तूर निवडत बसलेली एक म्हातारी.

"जय भीम," राजदीप दारातूनच म्हणाला. "रोशनभाऊ हायेत का?"

"जय भीम. ते मस्कतले गेले," मशीनवरची बाई म्हणाली. "दीड वर्ष झालं. तिथंच गॅरेजात हायेत. मी साधना, त्यांची बायको. ह्या माह्या सासूबाई. काय काम होतं?"

राजदीपनं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की ही बाई मध्येच थांबवेल आणि ते आले की या म्हणेल. तिनं थांबवलं नाही. पायानं मशीन थांबवून ती ऐकत राहिली आणि त्याचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "गाडी कोणत्या सालची हाय?"

"शहाण्णव."

"प्लग डाव्या बाजूले का उजव्या?"

"डाव्या."

"बाराच पिना हायेत ना? मोजल्या तुमी?"

"मोजल्या, ताई."

"मंग दोन नंबरची कॅसेट," ती स्वतःशीच म्हणाली आणि आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर आतून विटेएवढा, करड्या रंगाचा डबा निघाला. वर दोन ओळींचा छोटा पडदा, खाली चार बटणं. एका वायरीच्या टोकाला बारा पिनांचा प्लग होता. राजदीपनं तो हातात घेतला आणि उगाचच अंगठा फिरवत पिना मोजल्या.

"देता का ताई दोन दिवस? लिहून देतो तुमाले, परवा मी सोता आणून देईन."

साधनेनं डबा त्याच्या हातातून परत घेतला. "मशीन कोनाले द्यायचं नाई म्हणून सांगून गेले हायेत ते," ती म्हणाली.

बरोबरच होतं. राजदीपचं मशीन असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

"त्यांचा फोन इतवारीच येते," साधना म्हणाली. "त्या काकूचं डायलिसिस कवा हाय म्हणता?"

"शुक्रवारी. परवा."

तिनं शिलाईच्या कपड्यांखालून एक जाडं रजिस्टर ओढून काढलं आणि त्याच्यासमोर उघडलं. पानापानावर आकडे होते. प्रत्येक आकड्यापुढं दोन-तीन ओळी, गोल, नीट अक्षरात. "हे अक्षर माह्यं हाय," ती म्हणाली. "त्यांचे हात काळे राहत, म्हून ते इंजिनपाशी उभे राहत अन् मी सीटवर बसून आकडा वाचत जाऊ, लिहीत जाऊ. अंगनात चाळीसेक गाड्या तरी पाह्यल्या असतीन आमी. तुमी मशीन नेसान, पण बटन कोनतं दाबायचं, आकडा आला तं त्याचं काय करायचं, ते ह्यात हाय. अन् ह्यातलं कोनतं कुठी हाय ते मलेच सापडते." ती थांबली. "मशीन येईन तं मीबी संग येईन."

म्हातारी, म्हणजे रुखमाबाई, इतका वेळ तूर निवडतच होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू कायले जाशीन दिग्रसले? लोकायच्या गाड्या दुरुस्त कराले?"

"एक बाई हाय जी, आत्याबाई. तिचं दवाखान्यात जानं अडून राह्यलं."

"रोशनले काय सांगशीन?"

"काय झालं ते सांगीन."

रुखमाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग राजदीपकडे पाहिलं, त्याच्या चपलांपासून डोक्यापर्यंत. "मीबी येईन मंग," त्या म्हणाल्या. "सकाळच्या पयल्या गाडीनं. आज नाई, आज तूर निवडाची हाय."

गुरुवारी दहाच्या सुमारास दोघी दिग्रसला उतरल्या. साधनेजवळ एक कापडी पिशवी, रुखमाबाईंजवळ भाकरीचं गाठोडं. राजदीपनं त्यांना थेट नागोरावांच्या घरी नेलं. गाडी अंगणात उभी होती. पाहुण्या येणार म्हणून त्यानं बुधवारी संध्याकाळीच बॅटरी काढून दुकानात नेली होती, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी परत बसवली होती.

साधना पुढच्या सीटवर बसली, वाकून तिनं प्लग जोडला, सिगारेट पेटवायच्या भोकात दुसरी वायर घातली, कॅसेट फुंकून आत सरकवली. चावी फिरवायला सांगितली. पडद्यावर अक्षरं उमटली. राजदीप आणि नागोराव खिडकीतून वाकून पाहत होते. गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदाच कुठलं तरी मशीन या गाडीशी बोलत होतं.

"काय म्हणते?" नागोरावांनी विचारलं.

"कोड नाई म्हणते," साधना म्हणाली. तिनं पुन्हा बटण दाबलं. "काईच नाई. कोरं हाय." मग तिनं मान वर केली. "बॅटरी काढली होती का कोनी?"

राजदीप म्हणाला, "काल. चार्जिंगले."

"बॅटरीचं टर्मिनल काढलं की कॉम्प्युटर सगळं विसरते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आमच्याकडे येणारे सगळे हेच करून येत. आमचे हे लय चिडत जाय."

राजदीपला जमिनीत जावंसं वाटलं. बारा वर्षं तो कुठल्याही कामाआधी पहिल्यांदा बॅटरी काढत आला होता. तेच बरोबर म्हणून शिकला होता. म्हणजे याआधीही दोन्ही वेळा गाडीनं लिहून ठेवलेलं त्यानंच पुसलं होतं.

"मंग आता?" नागोराव म्हणाले.

"आता हे जोडलेलं ठेवून फिरवाव लागते. बंद पडेस्तोर."

गाडी मुद्दाम बंद पडावी म्हणून फिरवायची, हे ऐकून इंदूबाई आतून पदर सावरत बाहेर आल्या. मी येते, म्हणाल्या. कोणी नको म्हणायच्या आत मागचं दार उघडून बसल्यासुद्धा. त्या बसल्या म्हणून रुखमाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, गाठोडं मांडीवर घेऊन. राजदीप दाराशी अंग चोरून बसला. नागोराव चाकावर, साधना त्यांच्या बाजूला, मांडीवर डबा.

दारव्ह्याच्या दिशेनं वीस किलोमीटर गेले. गाडी बंद पडली नाही. वळवून परत आणली. नाही पडली. नागोरावांनी काचा बंद करून, दुसऱ्या गिअरमध्ये रेटत नेली. मागं दोघी बायांचं बोलणं लागलं होतं: तुमच्याकडे तूर कशी झाली, पोरं किती, पाणी दिवसाला किती पेला प्यायची परवानगी आहे. राजदीप इंजिनचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या कानात तुरीच्या शेंगा येत होत्या.

"जवा पाह्यजे तवा बरी चालते," नागोराव म्हणाले.

गावाजवळ येता येता रस्ता अडला. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कापसानं फुगलेले, अर्धा रस्ता व्यापून उभे. काही गाड्यांखाली माणसं झोपली होती, बैल सोडून कडेला बांधले होते. कालपासूनची रांग असावी. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही म्हणून काटा बंद होता. पुढं जायला वाट नव्हती, मागं एक ट्रॅक्टर येऊन टेकला. नागोरावांनी गाडी बंद न करता उभी ठेवली. दुपारचं ऊन, पंख्याचा आवाज, इंजिनचा ताप पायाला लागायला लागला. दहा मिनिटं झाली. पंधरा. आणि इंजिन गपकन बंद पडलं.

"पडली," इंदूबाई म्हणाल्या, जणू कोणी परीक्षेत पास झालं.

"चावी तशीच राहू द्या, काका, काढू नोका," साधना डब्यावर वाकली. तिनं एक बटण दाबलं, मग दुसरं. "एकोणीस."

तिनं रजिस्टर राजदीपकडे मागं दिलं. एकोणिसाच्या पानावर तीन ओळी होत्या. इंजिन किती फिरतं ते सांगणारा सेन्सर. खालच्या पुलीजवळ. गरम झाल्यावर जातो, थंड झाल्यावर येतो.

"पक्कं करून घेऊ," साधना म्हणाली. तिनं आणखी दोन बटणं दाबली आणि पडदा नागोरावांकडे वळवला. "काका, सेल्फ मारा. हा आकडा पाह्यजा. इंजिन किती फिरून राह्यलं ते इथं येते."

नागोरावांनी सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरलं. पडद्यावर शून्य होतं. पुन्हा मारला. शून्य.

नागोरावांनी चावी सोडली. "इंजिन फिरून राह्यलं," ते हळूच म्हणाले, "अन् हिले कोनी सांगूनच नाई राह्यलं की ते फिरून राह्यलं. म्हून ठिणगी देत नाई. म्हून पेट्रोल देत नाई."

"हो जी," साधना म्हणाली.

राजदीप तोवर खाली उतरला होता. रांगेतल्या एका गाडीवानाकडून त्यानं पाण्याची कळशी मागून आणली, खिशातली चिंधी भिजवली, बोनट उघडून पार खाली हात घातला. सेन्सर अंगठ्याएवढा होता, हाताला चटका बसला. त्यानं ओली चिंधी त्याला गुंडाळली, पुन्हा भिजवली, पुन्हा गुंडाळली.

"मारा, काका."

पहिल्याच फटक्यात गाडी चालू झाली. पडद्यावर शून्याच्या जागी आठशे आलं, नऊशे, परत आठशे. राजदीप तसाच वाकून उभा राहिला. प्लग, वायरी, पंप, कॉइल. सगळं ठीक होतं, सगळं त्यानं विनाकारण काढून फेकलं होतं. पण आत्ता त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ते नंतर वाटणार होतं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय झालतं?" आणि राजदीप म्हणाला, "खबर पोचत नव्हती."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी जुन्याच सेन्सरवर इंदूबाई यवतमाळला गेल्या. पाण्याची पाच लिटरची कॅन आणि चिंध्यांची पिशवी घेऊन राजदीप पुढं बसला होता. जाताना एकदा गाडी बसली, येताना दोनदा. दर वेळी चार-पाच मिनिटांत निघाली. इंदूबाई मागच्या सीटवर आडव्या होऊन झोपल्या होत्या आणि एकदाही जाग्या झाल्या नाहीत. साधनेच्या रजिस्टरात त्याच पानाखाली रोशननं आणखी एका गाडीचं नाव लिहवून घेतलं होतं, जिचा सेन्सर हिला चालतो. ती गाडी अजून रस्त्यांवर होती. नागपूरहून तो पार्ट सोमवारी बसनं आला, मंगळवारी पहाटे राजदीपनं तो बसवला.

रविवारी रोशनचा फोन आला तेव्हा साधनेनं त्याला सगळं सांगितलं. हे तिनं राजदीपला नंतर सांगितलं. फोन कटला की काय म्हणून तिनं दोनदा हॅलो केलं. मग त्यानं विचारलं, कोणता आकडा आला? एकोणीस, ती म्हणाली. कॅसेट कोणती लावली? दोन नंबरची. "वायर गुंडाळताना पिळू नको," तो म्हणाला, "आतून तुटते."

त्यानंतर राजदीपनं हरिसिंगच्या काउंटरवर साधनेचा मोबाइल नंबर लिहून ठेवला. त्या हिवाळ्यात साधना सात वेळा उमरखेडच्या बाहेर गेली: चार वेळा दिग्रसला, दोनदा पुसदला, एकदा पार यवतमाळला, त्याच रंगीत पडद्याच्या गॅरेजात, जिथं बारा पिनांपुढं कुणाचं चाललं नव्हतं. पहिल्या तीन वेळा रुखमाबाई संग होत्या. चौथ्या वेळी त्यांचे गुडघे दुखत होते. "बस सुटायच्या आंधी फोन करजो," एवढंच त्या म्हणाल्या.

इंदूबाई त्या गाडीतून आणखी चौदा महिने यवतमाळला गेल्या. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत त्यांना छातीत पाणी झालं आणि त्या दवाखान्यातच वारल्या. राजदीप मातीला गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला. नागोराव ओसरीवर बसले होते.

"साधनेले कळवलं का?" त्यांनी विचारलं.

"कळवलं, काका. येऊन राह्यल्या त्या. सासूबाईबी."

नागोरावांनी मान हलवली. इंदूबाईंनी त्या दोघींसाठी मागच्या उन्हाळ्यात वाळवणाच्या सांडया करून ठेवल्या होत्या, वरच्या फळीवर डब्यात होत्या. डबा कोणता ते नागोरावांना ठाऊक नव्हतं. राजदीप स्टुलावर चढला आणि एकेक डबा उघडून पाहू लागला.